‘जागेवर बघू’

गेल्या महिन्यात पनवेल मुक्कामी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या लघुपटांची एक स्पर्धा झाली व तिच्या पारितोषिक-समारंभास उपस्थित राहण्याचा योग आम्हास आला. समारंभ यथासांग पार पडला. हार, नारळ, शाली यांत काही न्यून नव्हते. परंतु मुख्य परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांनी आपल्या भाषणात विद्यार्थ्यांस जो उपदेश केला तो ऐकून आम्ही अस्वस्थ झालो, आणि महिना लोटला तरी ती अस्वस्थता शमत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. या गृहस्थांचे नाव आम्ही देत नाही. कारण आमचे भांडण व्यक्तीशी नसून मताशी आहे, आणि ते मत एकट्या त्यांचे असते तर आम्ही लेखणी उचललीही नसती. ते म्हणाले, “मुलांनो, ते शॉटचे तक्ते आणि ते स्टोरीबोर्ड फेकून द्या. कॅमेरा हातात घ्या आणि रस्त्यावर या. काय टिपायचे ते तुम्हाला जागेवर सुचेल.” यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजविणाऱ्यांत आमचे विद्यार्थीही होते. किंबहुना सर्वांत मोठ्याने त्यांनीच वाजविल्या.

हा उपदेश विद्यार्थ्यांस इतका गोड का लागावा, हे समजण्यास फार बुद्धी नको. लघुपट करावयास निघालेल्या कोणत्याही टोळक्यास ‘कॅमेरा कोठे ठेवणार?’ असे विचारून पाहावे. उत्तर येते, ‘सर, जागेवर बघू.’ पहिले दृश्य कशाने उघडते? जागेवर बघू. संवादाचा आवाज कसा घेणार? तेही जागेवर बघू. आजवर आम्ही यास निव्वळ आळस समजत होतो व आळसास जे औषध द्यावयाचे ते देत होतो. आता एका मान्यवराने त्याच आळसास प्रतिभेची शाल पांघरून व्यासपीठावर बसविले आहे. तेव्हा त्याचा समाचार थोडा विस्ताराने घेणे प्राप्त आहे.

प्रथम शब्दाविषयी दोन शब्द. बंदुकीच्या बारास आणि चित्रपटाच्या तुकड्यास इंग्रजीत एकच नाव आहे, आणि मराठीने ते जसेच्या तसे उचलले आहे. कॅमेरा सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत जे अखंड टिपले जाते तो शॉट. ‘दृश्यखंड’ असा प्रतिशब्द आम्ही एकदा वर्गात योजून पाहिला. मुले नम्रपणे हसली, आणि आम्हीही तो नम्रपणे मागे घेतला. शब्द परका असला तरी आमची हरकत नाही. पण बार उडविणारा निदान नेम तरी धरतो! आमचे नवे चित्रपटकार मात्र आधी शंभर बार उडवितात आणि मग घरी जाऊन कोणता कशास लागला ते शोधीत बसतात.

शॉटची आखणी म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. कॅमेरा कोठे उभा राहील, माणसाच्या किती जवळ जाईल, कोणाच्या बाजूने पाहील, आणि हा तुकडा कोणत्या तुकड्यानंतर व कोणत्या तुकड्याआधी पडद्यावर येईल, एवढ्या गोष्टी आधी ठरवून कागदावर उतरविणे, एवढाच तिचा अर्थ. या चारांतील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून तिचाच सर्वांस विसर पडतो. एकटा शॉट म्हणजे वाक्यातून सुटून पडलेला शब्द होय. त्याचा अर्थ शेजाऱ्यावरून ठरतो.

हे सारे कोरडे वाटत असल्यास घडलेली हकीकत सांगतो. दोन वर्षांमागे आमच्या काही विद्यार्थ्यांनी आठ मिनिटांचा एक लघुपट करावयाचे योजिले. कथा साधी, पण आमच्या गावी रोज घडणारी होती. पनवेलच्या जुन्या वस्तीतील एक कौलारू घर विकासकास दिले आहे. नातू आपल्या आजीस खारघरच्या नव्या सदनिकेत न्यावयास येतो. आजी जिना उतरते, परसातील तुळशीपाशी क्षणभर थांबते व निघते. यात मारामारी नाही की गाणे नाही. विषय ऐकून आम्हास संतोष झाला, हे कबूल केले पाहिजे. त्याहून संतोषाची गोष्ट म्हणजे घरही खरे होते आणि आजीही खऱ्या होत्या. टोळीतील एका मुलाच्या त्या सख्ख्या आजी. वय अठ्ठ्याहत्तर. घर खरोखरच पाडावयाचे ठरले होते व महिन्याभरात रिकामे करून द्यावयाचे होते. म्हणजे ज्या प्रसंगाचा अभिनय करावयाचा, त्याच प्रसंगातून त्या बाई प्रत्यक्ष जात होत्या. एवढी मोठी ठेव ज्यांच्या हाती आली त्यांनी काय करावे?

त्यांनी ‘जागेवर बघू’ म्हटले. सकाळी आठास मंडळी जमली. आम्ही नऊच्या सुमारास सहज डोकावलो, तो आजी जिन्यावरून खाली येत होत्या. खाली आल्या तशी कोणी म्हणाले, वरून घेऊ. आजी पुन्हा वर गेल्या. मग कोणास वाटले की पायांचा क्लोज-अप हवा. मग कठड्यावरच्या हाताचा. मग कोणी सुचविले की कॅमेरा आजींच्या मागोमाग जिना उतरला तर फार ‘इफेक्ट’ येईल. आजी अकरा वेळा तो जिना उतरल्या. बाराव्या वेळी त्या मधल्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “बाळांनो, काय ते एकदा ठरवा, आणि मग मला हाक मारा.” आमच्या बत्तीस वर्षांच्या अध्यापनात चित्रपटकलेविषयी याहून नेमके वाक्य आम्ही कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

सायंकाळी मंडळी विजयी मुद्रेने परतली. चार तासांचे चित्रण झाले होते. आठ मिनिटांसाठी चार तास! मुलांस वाटले, आता काय कमी? परंतु एडिटिंगला बसल्यावर एकेक व्याधी बाहेर पडू लागली. आजी झोपाळ्यावर बसल्या आहेत व नातू समोर ओटीच्या पायरीवर बसून त्यांची समजूत घालीत आहे, असा मुख्य प्रसंग. आजींस चित्रित केले ते विहिरीच्या बाजूस उभे राहून, आणि नातवास केले ते माजघराच्या दारातून. दोन माणसे समोरासमोर बसली म्हणजे त्यांच्यामधून एक रेघ कल्पावी आणि कॅमेऱ्याने त्या रेघेच्या एकाच अंगास राहावे, हा या धंद्यातील पहिला धडा आहे. रेघ ओलांडली की पडद्यावर दोघांचीही तोंडे एकाच दिशेस होतात. येथे तसेच झाले. आजीही उजवीकडे पाहत आहेत, नातूही उजवीकडेच पाहत आहे. जणू दोघे एस.टी.च्या थांब्यावर एकाच गाडीची वाट पाहत उभे आहेत. त्यात आजींच्या तोंडावर सकाळचे कोवळे ऊन आहे आणि नातवाच्या पाठीमागे भर दुपारचा लखलखाट. एका वाक्यास सकाळ, तर त्याच्या उत्तरास दुपार.

आणि तुळस? तुळशीचा शॉट होता. उत्तम होता. आजींचा निघतानाचा शॉटही होता. परंतु आजी तुळशीकडे पाहत आहेत असा शॉटच नव्हता. त्या चार तासांच्या ढिगात तेवढा एक पाच सेकंदांचा तुकडा कोणी घेतला नव्हता. कारण जागेवर तो कोणास सुचला नाही. ज्या क्षणासाठी सारी कथा रचली तोच क्षण गळाला. ‘पुन्हा जाऊन घेऊ’ म्हणून मुले दसऱ्यानंतर त्या घरी गेली, तेव्हा कौले उतरविली जात होती व परसात जेसीबी उभा होता. तुळशीचे वृंदावन आदल्या दिवशीच निघाले होते.

आता ‘जागेवर बघू’ या पक्षाची प्रमाणे तपासू. त्यांचे पहिले प्रमाण पैशाचे आहे, व ते वरकरणी बिनतोड वाटते. ते म्हणतात, आखणीची ही सारी उठाठेव फिल्मच्या काळी योग्य होती. फिल्म फुटावर मोजून विकत घ्यावी लागे, धुवावी लागे. तेव्हा चुकणे परवडत नसे. आज खिशातील मोबाइल हाच कॅमेरा. वाटेल तितके टिपा, नको ते पुसा. खर्च शून्य. मग काटकसर कशाची करावयाची?

आमचे उत्तर असे की, खर्च शून्य झालेला नाही. तो फक्त दुसऱ्याच्या खात्यावर गेला आहे. पूर्वी तो निर्मात्याच्या खिशातून जाई, आता तो आजींच्या गुडघ्यांतून जातो. जिने आपले घर उघडून दिले, दिवसभर चुलीवरचे आधण उतरू दिले नाही व नऊ मुलांस तीनदा पोहे खाऊ घातले, त्या गृहिणीच्या वेळातून जातो. शिवाय उन्हास कोणते मेमरी कार्ड पुरणार? आमच्या पनवेलीस सूर्य प्रबळगडाच्या अंगाने वर येतो. परसात तिरपे, मऊ ऊन राहते ते तास-दीड तास. ते गेले की त्या दिवसापुरते गेले. पावसाळ्यात तर तेवढेही नाही. आमच्याकडील पाऊस धरला म्हणजे आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही, आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांची मुदत नेमकी त्याच सुमारास संपते. सारांश, जे फुकट झाले आहे ते केवळ बटण दाबणे. बाकी प्रत्येक वस्तूस पूर्वीइतकेच मोल पडते, आणि बटण फुकट झाल्यामुळेच त्या मोलाचा विसर पडतो. चार तासांचे चित्रण नुसते एकदा पाहावयास चारच तास लागतात. त्यातून निवड करण्यास किती लागत असतील ते ज्या मुलांनी दिवाळीची सुटी त्यात घालविली त्यांस विचारावे.

दुसरे प्रमाण उत्स्फूर्ततेचे. आराखडा केला की प्रतिभेस बेडी पडते, असे हे लोक सांगतात व दाखला म्हणून ख्यालगायकाकडे बोट दाखवितात. गवई काय कागदावर ताना लिहून आणतो? नाही आणीत. पण तो रागाचे नियम, तालाचे आवर्तन व वीस-वीस वर्षांचा रियाज घेऊन बैठकीस बसतो. आणि कितीही दूर भटकला तरी समेवर कोठे यावयाचे ते त्यास पक्के ठाऊक असते. सम ठाऊक नसलेल्या माणसाने घेतलेल्या तानेस उत्स्फूर्त म्हणावयाचे की काय म्हणावयाचे, हे रसिक वाचकांस आम्ही सांगावयास नको. आणि ज्या मराठी मध्यमवर्गाने नाटकाच्या तालमींस महिने दिले, गणेशोत्सवातील एकांकिकेसही पंधरवडाभर रात्री जागविल्या, त्याच घरांतील मुलांस चित्रपट तेवढा तालमीवाचून होतो असे वाटावे, हे नवल नव्हे काय?

या वादात सत्यजित राय यांचे नाव हमखास निघते. ‘पथेर पांचाली’स (१९५५) रीतसर पटकथाच नव्हती, असे मोठ्या विजयाने सांगण्यात येते. गोष्ट खरी आहे. पण ती अर्धी सांगितली जाते. पटकथेचे बाड नव्हते, परंतु चित्रांची वही होती. राय हे धंद्याने जाहिरातींचे चित्रकार. त्यांनी प्रसंगांमागून प्रसंग शाईच्या रेखाटनांनी त्या वहीत उतरविले होते, आणि पुढे ती वही त्यांनी पॅरिसच्या चित्रपट-संग्रहालयास दिली. चित्रणास आरंभ झाला तो १९५२च्या ऑक्टोबरात, पांढऱ्या काशफुलांनी भरलेल्या माळावर. एक दिवस काम झाले. पुढल्या खेपेस मंडळी जाऊन पाहतात, तो गुरांनी फुले खाऊन माळ मोकळा केलेला! आता ‘जागेवर बघू’वाल्याने काय केले असते? फुलांवाचून काहीतरी सुचवून घेतले असते व त्यासच उत्स्फूर्तता म्हटले असते. राय पुढील वर्षीचा बहर येईपर्यंत थांबले. आपल्यास काय पाहिजे हे ज्यास ठाऊक असते तोच थांबू शकतो. भावंडे त्या शुभ्र फुलांतून आगगाडी पाहावयास धावतात तो प्रसंग आज जगास पाठ आहे. तो गुरांच्या भुकेवर सोडला असता तर पाठ झाला नसता.

परंतु बंगालपर्यंत जाण्याची तरी गरज काय? ज्या भूमीत हिंदी चित्रपट जन्मला त्या भूमीतील मुलांस हे सांगावे लागावे याचेच आम्हास वैषम्य वाटते. दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा भांडवल देण्यास कोणी पुढे येईना. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्यापुढे रोवला, आणि महिन्याहून अधिक काळ नेमाने एकेक चौकट टिपीत राहिले. बी रुजून वेल वर चढते हे पडद्यावर काही क्षणांत दिसले, आणि ते पाहूनच पैसे देणारा मिळाला. या चित्रणात ‘जागेवर’ सुचण्यासारखे काय होते? कॅमेरा दुसऱ्या दिवशी बोटभर सरकला असता तरी सारा खेळ खलास. पुढे १९१७ साली ‘लंकादहन’ काढले त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. कोणत्या तुकड्यात राम दिसावा, कोणत्यात सीता, व कोणता कोणास जोडावा, याचा हिशेब आधी मांडल्यावाचून हे साधले असेल, असे ज्यास वाटते त्याने स्वतः एकदा करून पाहावे.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर नावाप्रमाणेच चित्रकार. त्यांचा १९२५चा मूळ ‘सावकारी पाश’ आज उपलब्ध नाही. पण त्यातील रात्रीच्या अंधारातली झोपडी व तेथे रडणारा कुत्रा, एवढे एकच दृश्य पाहणाऱ्यांच्या स्मरणात आयुष्यभर राहिले व त्यांनी ते लिहून ठेवले. जो माणूस रिकाम्या फलकापुढे उभा राहून कोठे काळे व कोठे पांढरे हे ठरविण्यात वाढला, त्याच्या हातून ते घडले. त्यांच्याच तालमीतून निघालेल्या शांतारामबापूंनी १९३७च्या ‘कुंकू’त पार्श्वसंगीत मुळीच वापरले नाही, प्रसंगात जे वाजेल तेवढेच ऐकू येईल असा नेम केला व शेवटपर्यंत पाळला. असा नेम एडिटिंगच्या खोलीत सुचत नसतो. ज्या प्रभातच्या आवारात ही मंडळी वावरली तेथेच १९६० साली सरकारने चित्रपट-शिक्षणाची संस्था काढली, आणि उमेश कुलकर्णी यांचा ‘गिरणी’ हा तिथला विद्यार्थिदशेतला लघुपटच होय. तेव्हा ‘विद्यार्थ्यांचे काम, त्यास इतकी शिस्त कशास?’ हा प्रश्नही आम्ही निकालात निघाला असे समजतो. अगदी अलीकडचे पाहावयाचे तर चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) पाहावा. कॅमेरा बहुधा दूर, स्तब्ध, न्यायालयात मागच्या बाकावर येऊन बसलेल्या माणसासारखा. तो तेथे चुकून बसलेला नाही.

येथवर वाचून आखणीचे पुरस्कर्ते आम्हास आपल्यातले समजू लागले असतील, तर त्यांसही दोन शब्द सुनावणे भाग आहे. कारण परीक्षक महाशयांनी जे तक्ते फेकून द्यावयास सांगितले ते तक्ते आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळ फेकून देण्याच्याच लायकीचे असतात. वरील फजितीनंतर पुढल्या वर्षीच्या तुकडीस आम्ही बजावले की शॉटचा तक्ता आणल्यावाचून कॅमेरा मिळणार नाही. तक्ते आले. काय त्यांचा थाट! ‘ईसीयू’, ‘ओटीएस’, ‘पीओव्ही’, ‘डॉली इन’. आद्याक्षरांची नुसती पलटण. डॉलीच काय, साधा ट्रायपॉडही महाविद्यालयात एकच, आणि त्याचा एक पाय मोडका. पहिला शॉट प्रत्येकाचा एकच: ड्रोनमधून दिसणारे पनवेल. कथा खोलीत कोंडलेल्या मुलीची असो की रिक्षावाल्याची असो, सुरुवात आकाशातून. विमानतळ उशाशी असताना परवानगीवाचून ड्रोन उडविता येत नाही, हे त्या तक्त्यात कोठेच नव्हते.

याहून वाईट प्रकार म्हणजे यंत्राकडून काढून घेतलेली चित्रे. हल्ली चार ओळी लिहून दिल्या की संगणक पाहिजे तसे चित्र काढून देतो. मुलांनी संपूर्ण स्टोरीबोर्ड तसा करून आणला. चित्रे सुबक होती, यात संशय नाही. पण त्यांतील म्हातारी कोणाचीच आजी नव्हती, आणि तिच्या घराचा जिना पनवेलीत तर नाहीच, साऱ्या रायगड जिल्ह्यात कोठे असेल असे आम्हास वाटत नाही. ‘ही खिडकी त्या घरात कोणत्या भिंतीस आहे?’ असे आम्ही विचारले. मुले एकमेकांकडे पाहू लागली. त्यांपैकी कोणीही ते घर अद्याप पाहिले नव्हते. घर न पाहता केलेला आराखडा आणि आराखडा न करता पाहिलेले घर, या दोहोंत डावे-उजवे करण्यात अर्थ नाही. दोन्हींत एकच गोष्ट टाळलेली असते. ती म्हणजे त्या जागी उभे राहून, त्या माणसाकडे पाहून, आपण कोठून पाहावे याचा निर्णय घेणे.

आखणी हातांनी करण्यापूर्वी पायांनी करावयाची असते. जागेवर जावे, पण कॅमेरा न घेता जावे. ओटी किती पावलांची, पडवीत प्रकाश कोणत्या बाजूने येतो, सकाळी नवास ऊन कोठवर पोहोचते व अकरास कोठे, हे लिहून आणावे. वरून पाहिल्यासारखा घराचा नकाशा काढावा. त्यात माणसांस वाटोळी व कॅमेऱ्यास त्रिकोण. दोन माणसांमधली ती रेघ तांबड्या पेन्सिलीने. चित्रे काढता येत नाहीत ही सबब आम्ही ऐकून घेत नाही. काड्यांची माणसे काढावीत, पण त्यांची तोंडे कोणीकडे आहेत ते कळावे. मग कथेच्या क्रमाने शॉट लिहावेत, आणि प्रत्येकासमोर एका वाक्यात, मराठीत, हा शॉट नसेल तर प्रेक्षकास काय कळणार नाही ते लिहावे. जेथे वाक्य सुचत नाही तो शॉट खोडावा. तुळशीकडे पाहणाऱ्या आजी या कसोटीस पहिल्या उतरल्या असत्या, आणि कठड्यावरचा हात बहुधा खोडला गेला असता. शेवटी तीच यादी पुन्हा एकदा, पण या खेपेस उन्हाच्या व जागेच्या क्रमाने लिहावी. कारण कथेत शेवटी येणारा प्रसंग सकाळच्या उन्हात असेल तर तो सकाळीच उरकला पाहिजे. यंदापासून आणखी एका रकान्याची भर पडली आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. तेव्हा ज्या जागी संवाद घ्यावयाचा तेथे पाव तास स्वस्थ बसावे आणि किती वेळा आवाज आड येतो ते मोजावे.

एवढे केल्यावर जागेवर काही नवे सुचले तर? अवश्य घ्यावे! मांजर मध्ये आले, शेजारीण काही बोलून गेली, अवचित सर कोसळली, तर ते टिपावे. अशा वेळी आराखडा बाजूस ठेवण्याइतके शहाणपण ज्यास नाही त्यास आराखडाही तारणार नाही. परंतु मांजर मध्ये आले असे म्हणावयास मध्य कोठे आहे ते तरी आधी ठाऊक पाहिजे.

आता दोष कोणाचा हेही सांगून टाकू. मुलांचा थोडा, त्या परीक्षकांचा अधिक, आणि सर्वांत अधिक आमचा. आजवर आम्ही गुण दिले ते तयार लघुपटास. आराखडा मागितला तो उपचार म्हणून, आणि तपासला तो न वाचता. निबंधाचे मुद्दे आधी काढा असे जन्मभर सांगत आलेल्या आम्हा भाषेच्या अध्यापकांस, हा निबंध शाईऐवजी प्रकाशाने लिहिला जातो एवढ्यावरून आपला धडा विसरावासा वाटला. आजी अकराव्यांदा जिना उतरत होत्या तेव्हा आम्ही तेथे हजर होतो आणि ‘थांबा’ म्हणालो नाही, ही गोष्ट येथे नमूद करणे आम्हास भाग आहे. पालकांसही एक विनंती आहे. मुलगा लघुपट करतो म्हटले की घरात एक तर ‘अभ्यास सोडून हे काय?’ असा सूर निघतो किंवा नवा महागडा मोबाइल आणून दिला जातो. दोन्ही करू नये. मुलगा घरातील कोणाचे चित्रण करणार असेल तर त्यास एवढेच विचारावे, ‘आजीस किती वेळ उभे करणार आहेस? कागद दाखव.’

चालू सत्रापासून आमच्या विभागात पन्नासांपैकी वीस गुण आराखड्यास ठेवले आहेत. घराचा नकाशा, शॉटची यादी, उन्हाचे वेळापत्रक आणि ज्यांचे चित्रण करावयाचे त्यांनी तो कागद ऐकून केलेली सही, एवढे आल्यावाचून कोणास काही मिळणार नाही. सही आम्ही मुद्दाम मागितली आहे. कॅमेऱ्यापुढे उभे राहणाऱ्या माणसास आपल्याकडून काय हवे आहे हे अगोदर समजले पाहिजे. यावर मुलांत कुरकुर आहे. त्या समारंभातील भाषणाचा हवाला देऊन एका गटाने आम्हास रीतसर अर्जही दिला आहे की, त्यांचा विषय पनवेलचा भाजीबाजार असून बाजारात काय घडेल ते आधी सांगता येत नाही, सबब त्यांस आराखड्यातून सूट मिळावी. अर्जावर आम्ही शेरा मारला आहे: ‘बाजार किती वाजता भरतो, माल कोणत्या बाजूने उतरतो व ऊन कोणत्या गाळ्यावर पडते हे रोज तेच असते. उद्या पहाटे पाच वाजता जाऊन पाहून यावे. मोबाइल घरी ठेवावा.’ कॅमेऱ्याच्या कपाटाची किल्ली तूर्त आमच्याच खिशात आहे.